रोज तासभर प्रार्थना करूनही चिंता जात नाही, उठल्यावर मन आणखी जड होतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. कुणी तसं सुनावलं असेल तर मनावर घेऊ नका. बायबलमध्ये ‘कशाचीही चिंता करू नका’ असं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तुरुंगातून लिहिणारा प्रेषित पौलच करिंथकरांना दुसऱ्या पत्रात (11:28) सांगतो की सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांची चिंता रोज त्याच्या डोक्यावर असते. येशू स्वतः अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना व्याकूळ झाला होता.

तुम्ही म्हणता, तासभर प्रार्थना करून उठलं की मन आणखी जड होतं. घोटाळा बहुधा इथेच आहे. ‘प्रभू, नोकरी गेली तर काय, हप्ते कसे भरू, घरच्यांना काय सांगू...’ ही चिंताच झाली, फक्त शेवटी आमेन लावलेली. एवढ्या वेळात देवाकडे मागितलं काहीच नाही. फिलिप्पै 4:6 मात्र मागणी कळवायला सांगतं, तीही आभार मानून.

म्हणून कागद घ्या. संध्याकाळी, बिछान्यावर पडण्याआधी. कशाची भीती वाटते ते एका वाक्यात लिहा आणि त्याखाली मागणी, तीही एकाच वाक्यात. ‘नोकरीचं बघ’ इतकं मोघम नको. ‘गुरुवारी साहेबांशी बोलताना मला शांत ठेव’ असं नेमकं हवं. मोघम मागणी देवावर सोपवली की नाही हे आपलं आपल्यालाच कळत नाही, मग मन पुन्हा तिथेच घिरट्या घालतं. नंतर आधीच मिळालेल्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार माना. संकटालाच चांगलं म्हणायची सक्ती नाही. शेवटी, यातलं माझ्या हातात काय आहे ते एक काम लिहून ठेवा आणि सकाळी करा. पंधरा मिनिटं पुरतात. ताणत बसलात तर पुन्हा जुनीच उजळणी सुरू होते.

काम कशाला, देव बघेल, असं मत्तय 6 मधलं ‘पाखरांकडे पाहा, देव त्यांना खाऊ घालतो’ हे वाचून काहींना वाटतं. पाखरं पेरत नाहीत हे खरं, पण दाणे शोधत दिवसभर हिंडतात. निर्गम 16 मधला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, तोही तसाच: रोजच्यापुरता गोळा करायचा, उरवून ठेवला की किडे पडायचे, पण शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं होतं. तेव्हा पुढची तरतूद करणं म्हणजे अविश्वास नव्हे.

रात्री जाग आली तर अख्खी प्रार्थना पुन्हा सुरू करू नका. स्तोत्र 56:3 छोटं आहे: भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन. पहिला भाग श्वास घेताना, दुसरा सोडताना, मनातल्या मनात म्हणा. चिंता परत आली म्हणजे प्रार्थना फुकट गेली असं नाही. 1 पेत्र 5:7 प्रमाणे ती पुन्हा देवावर टाकायची, दिवसातून दहादा टाकावी लागली तरी.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. फिलिप्पै 4:7 मध्ये वचन आहे ते मन राखणाऱ्या शांतीचं. मागितलेलं सगळं हवं तसं मिळेल, असं तिथे म्हटलेलं नाही. हे ध्यानात नसेल तर निकाल उलटा लागला की विश्वासच डळमळतो.

शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र 13 मोठ्याने वाचा. ‘कोठवर?’ असं देवाला विचारायची मुभा तिथे आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

आणि शरीराकडे बघा. 1 राजे 19 मध्ये खचलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, दोनदा खाऊपिऊ घातलं, बोलणं नंतर. झोप, भूक, काम कित्येक आठवडे बिघडलेलं असेल किंवा अचानक छातीत धडधडून घाम फुटत असेल, तर पाळकांशी बोलाच, पण डॉक्टरांकडेही जा. औषध घेतल्याने विश्वास उणा होत नाही; पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र थांबू नका, आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना बरोबर घेऊन डॉक्टर गाठा.