आयसिंग ओघळतं, कपकेक बसतात: नाताळच्या तोंडावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या नाताळच्या सुट्टीत सोसायटीतली आठ मुलं कपकेक सजवायला घरी आली होती. बटरचं आयसिंग त्यांच्या हातातच पातळ झालं आणि कपकेकवरून खाली ओघळलं. साखर वाढवूनही उपयोग झाला नाही. काय चुकलं असेल? (मालाड)

ताई, साखर वाढवलीत तिथे आयसिंग फक्त जास्त गोड झालं. त्रास उष्णतेचा होता. डिसेंबरातही मुंबईत दुपारी पारा तिशीच्या वर जातो आणि बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं. त्यात मुलांच्या मुठीची ऊब आणि खालच्या कपकेकची ऊब.

म्हणून कपकेक आदल्या रात्री भाजा, सजावट दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत उरका. कपकेक गार झाला की नाही हे वरून हात लावून कळत नाही, तळाला बोट लावा. तळ किंचित जरी कोमट असेल तरी थांबायचं.

बारा कपकेकना बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, आयसिंग शुगर २५० ग्रॅम आणि दूध एक-दोन छोटे चमचे लागतं. नेहमीच्या पिवळ्या खारट बटरने आयसिंग खारट होतं. अंगठा दाबला की खळगा पडावा, पण बटर चकाकू नये, इतकंच ते मऊ हवं. आधी नुसतं बटर तीन-चार मिनिटं फेटा, रंग फिका झाला की चाळलेली साखर तीन वेळा विभागून घाला. दूध सगळ्यात शेवटी, तेही गरज पडली तरच. साखर घरी मिक्सरमध्ये दळणार असाल तर १०० ग्रॅमला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोर घालून दळा आणि दोनदा चाळा, कारण एक कणसुद्धा नोझलमध्ये, म्हणजे आयसिंग भरायच्या शंकूसारख्या पिशवीच्या (कोनाच्या) तोटीत, अडकतो आणि मूल कोन इतका जोरात दाबतं की तो मागून फुटतो.

कोनात एका वेळी दोन-तीन चमचेच आयसिंग भरा, बाकीचं फ्रीजमध्ये राहू द्या. वरचं टोक पिळून मुलाच्या मुठीत द्यायचं, कोनाच्या पोटाला हात लावू द्यायचा नाही. तरीही सैल पडलं तर भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा फेटा.

पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र कोन देऊच नका. १०० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये लिंबाचा रस मिसळलेलं पाणी तीन ते चार छोटे चमचे, थेंबाथेंबाने घालून दाट पाक कालवा. कपकेक उलटा धरून त्यात टेकवायचा, किंचित फिरवून उचलायचा, झालं. यात बटरच नाही, त्यामुळे उन्हाने वितळायची धास्ती नाही. मात्र दोन मिनिटांत वर पापुद्रा धरतो, म्हणून स्प्रिंकल्स आधीच वाट्यांत काढून ठेवा. चांदीच्या कडक गोळ्या या वयाच्या मुलांच्या हाती नकोत, घशात अडकतात.

प्रश्न : बिनअंड्याचे कपकेक ओव्हनमध्ये छान फुगतात, बाहेर काढले की मधोमध खड्डा. कागदही सुटून येतो. (दादर)

आजी, बहुतेक वेळा सोडा जास्त पडलेला असतो. जास्त सोड्याने पीठ भराभर चढतं, पण आतली जाळी पक्की व्हायच्या आत वायू निघून जातो आणि मधला भाग खाली येतो. शिवाय साबणासारखी चव मागे राहते.

बारा कपकेकचं प्रमाण असं : मैदा १९० ग्रॅम, फ्रीजबाहेर काढून ठेवलेलं ताजं दही २५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, बिनवासाचं तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चमचे सपाटच. दही-साखर घोटून त्यात पावडर आणि सोडा घाला, पाच मिनिटांत बुडबुडे दिसतील. मग तेल, व्हॅनिला आणि चाळलेला मैदा. इथे मुलांच्या हातून चमचा काढून घ्या. त्यांना ढवळत राहायला आवडतं, पण मैदा दिसेनासा झाल्यावरही ढवळलं तर कपकेक चिवट होतात. मैदा चाळणं आणि साच्यात कागदी कप लावणं ही कामं त्यांची.

कप दोन तृतीयांशच भरा. ओटीजी, म्हणजे घरचा विजेचा ओव्हन, दहा मिनिटं आधी तापवा, १८० अंश, दोन्ही सळ्या चालू, साचा मधल्या खणात. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. अठरा ते वीस मिनिटांनी टूथपिक कोरडी निघाली की बाहेर. वरून तडे जात असतील तर तुमचा ओटीजी आकड्यापेक्षा जास्त तापतो, १७० वर ठेवून पाहा.

कागद सुटतो तो वाफेने. पाच मिनिटांनी कपकेक साच्यातून काढून जाळीवर ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत डब्यात भरू नका.

प्रश्न : सांताच्या टोपीला लाल रंग हवा, पण कितीही घातला तरी गुलाबीच! (गिरगाव)

पातळ रंग वापरू नका, आयसिंग सैल होतं. जेल रंग टूथपिकच्या टोकाने घ्या, आयसिंग गडद गुलाबीपर्यंत आणा आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, रंग आपोआप चढतो. वापरण्याआधी पुन्हा मऊ करून फेटा. फार रंग घातला तर कडवट लागतं. खरं तर पांढऱ्या आयसिंगवर लाल-हिरवी टुटीफ्रुटी आणि बर्फ म्हणून सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस जास्त देखणा दिसतो. टुटीफ्रुटी आधी कागदी नॅपकिनवर टिपून घ्या, नाहीतर तिचा पाक आयसिंगमध्ये उतरतो.

प्रश्न : वसईहून माझगावला लोकलने बारा कपकेक न्यायचे आहेत. (वसई)

खाचा असलेले पुठ्ठ्याचे खोके क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. कपकेक कोरेच न्या. आयसिंग कोनात भरून, वरचं टोक रबराने बांधून, बर्फाच्या पिशवीसोबत वेगळ्या डब्यात ठेवा. कोनाचं खालचं टोक तिथे पोहोचल्यावरच कापा आणि सजवायचं काम तिथल्या मुलांना द्या.