नेट, गाइड आणि जेनेटिक्स

प्रश्न : खानापूरला राहतो. बॉटनीत एमएस्सी, ५८ टक्के. जेनेटिक्समध्ये पीएचडी करायची आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : पात्रतेला ५५ टक्के लागतात, म्हणजे ती काळजी मिटली. आता सीएसआयआर-नेटचा (विज्ञानातल्या पीएचडी प्रवेशासाठी आणि फेलोशिपसाठीची राष्ट्रीय परीक्षा) लाइफ सायन्सेसचा पेपर द्या. २०० गुणांपैकी १०० एकट्या ‘सी’ भागात असतात: ७५ प्रश्न, त्यांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. चुकलं की एक गुण वजा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर ठोकून द्या. एकही बाद होत नसेल तर पुढे चला. जेनेटिक्सचं गणित याच भागात येतं. लिंकेज मॅपिंग (गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर काढणं), वंशावळ (घराण्यात एखादा गुण कसा उतरला त्याचा तक्ता), हार्डी-वाइनबर्ग (लोकसंख्येतलं जनुकांचं प्रमाण काढायचं सूत्र). बॉटनीवाले बहुधा वंशावळीत अडकतात, कारण एक्स-लिंक्ड (एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांचा) वारसा तोंडपाठ करून भागत नाही. रोज पाच गणितं कागदावर सोडवा.

धारवाड आणि कोल्हापूर, दोन्ही विद्यापीठं तुम्हाला जवळ. पण गाइडचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध आधी वाचा, प्रयोगशाळेत पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) चालू आहे का तेही विचारा (कपाटात बंद असलेलंही पाहायला मिळतं!). किमान तीन वर्षं तिथंच काढायची आहेत.