वाचकांचा कट्टा : शेवट माहीत असला तर मजा जाते का?

प्रश्न : मला प्रेमकथा आवडतात, मिस्टरांना रहस्यकथा. दोघांना आवडेल असं एखादं पुस्तक सांगा ना. आणि रहस्यकथेचा शेवट आधीच कळला तर ती वाचावी का?
– एक वाचक, सांगली

एक वाचक, नाशिक : ताई, डाफ्ने द्यू मोरिएची ‘रेबेका’ घ्या, 1938 ची आहे पण अजिबात जुनी वाटत नाही, मी मागच्याच महिन्यात वाचली आणि दोन रात्री झोपलेच नाही. नवी नवरी मोठ्या घरात येते आणि तिथे सगळीकडे पहिल्या बायकोचीच छाया, आणि ती घर सांभाळणारी मिसेस डॅन्व्हर्स तर अंगावर काटा आणते. गंमत म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या नायिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही! मला तिची इतकी माया आली ना, त्या घरात तिला स्वतःचं असं काही नाहीच. नवरा मात्र मला नाही आवडला, फार तुटक वागतो.

एक वाचक, पुणे : शेवट कळला तरी वाचाच. अगाथा ख्रिस्तीची 1926 ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ मी परवा दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा कळलं की सगळं आपल्या डोळ्यासमोरच ठेवलं होतं, वाक्यं किती जपून लिहिलीयत! पहिल्यांदा मी ती वाक्यं नुसती पळवत गेलो होतो. शेवट सांगत नाही, मिस्टरांना वाचू द्या.