चिपखालचा फ्लक्स काढला तर ड्राइव्हचा वेग वाढेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक्सटर्नल एसएसडीच्या बोर्डावरची ब्रिज चिप (यूएसबी आणि एसएसडी यांना जोडणारी) तुम्ही हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, बदलली. ड्राइव्ह ओळखला जातोय, पण वेग सेकंदाला ३८ एमबीच्या वर जात नाही, आणि तशाच दुसऱ्या ड्राइव्हला ४०० च्या पुढे मिळतो. चिपखाली राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) याला कारणीभूत असेल का, आणि तो काढायचा कसा?

३८ हा आकडाच बरंच काही सांगतो. यूएसबी २.० ची लिंक (संगणक आणि ड्राइव्ह यांच्यातली जोडणी) ४८० मेगाबिटची असते आणि इतर खर्च वजा जाता हातात साधारण ३५ ते ४० एमबी उरतात. म्हणजे तुमचा ड्राइव्ह हळू चालत नाहीये, तो यूएसबी २.० वर उतरलाय. यूएसबी ३ साठी तारांच्या वेगळ्या जोड्या असतात. त्यातल्या एका पॅडला (बोर्डावरच्या धातूच्या ठिपक्याला) जरी टाका, म्हणजे सोल्डरचा जोड, नीट बसला नाही, तरी कंट्रोलर काही न बोलता जुन्या जोडीवर काम सुरू ठेवतो. त्यामुळे माझा पहिला संशय टाक्यावर, दुसरा चिपशेजारच्या बारीक कपॅसिटरवर. डेटा पाठवणाऱ्या जोडीवर ०.१ मायक्रोफॅरडच्या आसपासचे दोन कपॅसिटर असतात आणि हॉट एअरच्या झोताने ते सहज सरकतात. फ्लक्सचा नंबर तिसरा.

तरीही सुरुवात फ्लक्सपासूनच करा. तो थर असताना टाके दिसतच नाहीत. शिवाय 'नो-क्लीन' (धुवायची गरज नाही असा फ्लक्स) या नावावर चिपखाली विसंबू नये. तो फ्लक्स पुरेसा तापून त्यातलं द्रावक उडून गेलं तरच निरुपद्रवी होतो. सपाट, बिनपायांच्या चिपखाली जेमतेम ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फट असते. तिथे वाफेला वाट मिळत नाही, फ्लक्स चिकट आणि सक्रिय राहतो, दमट हवेत गळतीचा प्रवाह सुरू होतो. क्रिस्टलच्या (चिपला ठोके देणाऱ्या भागाच्या) पायांजवळ असं झालं तर चिप कधी सुरू होते, कधी होत नाही.

साफ करताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ब्रशने दोन थेंब अल्कोहोल लावून वरून पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पृष्ठताण कमी असल्यामुळे ते फटीत आपोआप शिरतं, फ्लक्स विरघळवतं आणि मग तिथेच सुकतं. फ्लक्स जागच्या जागी राहतो, फक्त पातळ होऊन पसरतो. पांढरा थर दिसतो तो यामुळेच. फ्लक्स विरघळवणं हे अर्धंच काम, तो बाहेर वाहून न्यायला हवा. म्हणून ९९ टक्क्यांचं अल्कोहोल घ्या (७० टक्क्यांवाल्यात पाणी फार असतं), बोर्ड तिरका धरा, चिपच्या वरच्या कडेने सिरिंजने भरपूर सोडा आणि खालच्या कडेने निघणारं टिश्यूवर टिपून घ्या. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मऊ ब्रश फिरवा, पुन्हा ताजं अल्कोहोल सोडा. टिश्यूवरचा पिवळेपणा जाईपर्यंत हे करत राहा. शेवटी हवेच्या झोताने फटीतलं द्रव बाहेर ढकला. अल्कोहोल ओलं असताना हॉट एअर किंवा सोल्डरिंग आयर्न जवळही आणू नका. त्याची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते. अल्ट्रासॉनिक टबही मी इथे टाळतो, बोर्डावरच्या क्रिस्टलला त्या कंपनांनी इजा होऊ शकते.

बोर्ड पूर्ण सुकला की भिंगातून टाके बघा. ड्राइव्हला टाइप-सी पोर्ट असेल तर एक सोपी चाचणी आहे. ड्राइव्हकडचं टोक काढून उलटं लावा. टाइप-सीमध्ये वेगवान जोड्यांचे दोन संच असतात. एका बाजूने वेग येतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर एका संचाचा टाका सुटलाय हे जवळपास नक्की. माझ्याकडच्या एका बोर्डाचा दोष असाच सापडला. त्याआधी मी तीनदा फ्लक्स धुतला होता.

दोन ड्राइव्हची तुलना करण्याआधी लिंक कोणती लागली ते पाहा. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' कमांड 'टी' पर्यायासह (lsusb -t) चालवली की ४८०, ५००० किंवा १०००० असा आकडा दिसतो. तिथे ४८० असेल तर पुढची मोजणी करू नका. ५००० असेल तरी ५ गिगाबिट म्हणजे ६२५ एमबी असा हिशेब करू नका. दर ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागतात, त्यामुळे छत ५०० चं आणि प्रत्यक्षात ४०० ते ४५० मिळाले तर सगळं ठीक आहे. केबल तीच, पोर्ट तोच ठेवा आणि ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश (रॅममधला तात्पुरता साठा) टाळा, नाहीतर रॅमचाच वेग मोजून बसाल. एसएसडीवर निदान ३०-४० जीबी सलग लिहून पाहा. सुरुवातीचे काही जीबी ड्राइव्हच्या स्वतःच्या वेगवान कॅशमध्ये जातात, खरा वेग ती भरल्यावर दिसतो. ड्राइव्ह अर्धा भरलेला असेल तर दुसराही तेवढाच भरून घ्या.

लिंक ५००० ची दिसते पण वेग ३०० च्या आत अडकतो, असं निघालं तर नवी चिप यूएएसपीने (एकाच वेळी अनेक आज्ञा पाठवणाऱ्या नव्या पद्धतीने) चालते की जुन्या पद्धतीने ते तपासा. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच आज्ञा जाते. तो दोष असेल तर कितीही धुतलं तरी जाणार नाही, चिपचं फर्मवेअरच (चिपमधलं सॉफ्टवेअर) बघावं लागेल. लिंकचा आकडा आणि चिपवर छापलेला नंबर इथे लिहा, पुढचं त्यावरून बघू.