"तापमान 200 अंश" एवढ्यावर कोटेशन देऊ नका

सिलिकॉन आणि व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबरांचे गॅस्केट-सील बनवणारं मोल्डिंग युनिट टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. सल्लागाराच्या रिपोर्टात म्हणे सगळ्याच उद्योगांतून मागणी दाखवलीय. प्रेस, साचे, कर्ज यावर बोलत नाही, ते तुम्ही बघितलंच असेल.

मागणी आहे. पण "हीट रेझिस्टंट रबर" नावाची वस्तू कोणी मागत नाही. औषध कंपनीला ऑटोक्लेव्हच्या दाराचं सिलिकॉन गॅस्केट लागतं, डेअरीला पाश्चरायझरच्या प्लेटांमधलं ईपीडीएम (हे आणखी एक सिंथेटिक रबर), गाडीवाल्यांना टर्बोचे होज. इलेक्ट्रिक गाड्यांत इंजिनाची ऑइल सील गेली, बॅटरी पॅकची सील आली.

आता खरं दुखणं. एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागाने (नाव घेत नाही) ड्रॉइंगवर एवढंच लिहिलं होतं: एफकेएम (म्हणजे व्हायटॉनच्या जातीचं रबर), 75 शोअर (कडकपणाचं माप), 150 अंश. लाइनमधून काय जातं विचारलं तर "गोपनीय". मेल केले, तर "ड्रॉइंगप्रमाणे द्या". आम्ही तशीच दिली. नंतर कळलं, लाइनमधून जात होती वाफ! नेहमीचं बिस्फेनॉल-क्युअर (बिस्फेनॉल वापरून पक्कं केलेलं) व्हायटॉन कोरड्या हवेत 200 अंश निवांत सोसतं, वाफेत मात्र मार खातं. तिथे पेरॉक्साइड-क्युअर ईपीडीएम लागतं, आणि ते कितीतरी स्वस्त. गॅस्केटं परत आली ती फुगलेली, काठाला भेगा गेलेली. आमच्या मेलला उत्तर द्यायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांची डेबिट नोट मात्र लगेच आली. लाइन बंद राहिल्याचा खर्चही आमच्याच माथी.

म्हणून माध्यम (वाफ, तेल, हवा, जे काय रबराला लागतं ते), दाब, तापमान सतत की अधूनमधून, हे लेखी घ्या. नाहीच दिलं तर कोटेशनवर छापा: "माध्यम कळवलेले नाही, मटेरियलची निवड ग्राहकाची." मी वकील नाही, कोर्टात हे कितपत टिकेल ते वकिलालाच विचारा. पण भांडताना हातात कागद असतो.

जाता जाता: कंपाऊंडच्या (तयार रबर मिश्रणाच्या) बॅचचा कंप्रेशन सेट, म्हणजे दाबून सोडल्यावर रबर किती चपटं राहतं ते, तपासून घ्या, ठाण्यात आयआरएमआरए या रबर संशोधन संस्थेची लॅब आहे. माल खरंच सिलिकॉन आहे का अशी शंका आली तर छोटा तुकडा जाळून बघा, पांढरी राख उरते. व्हायटॉन चुकूनही जाळू नका, धूर विषारी असतो. ते हातात घेतल्यावर जडच लागतं, घनता 1.8 च्या आसपास.

निव्वळ व्हायटॉनवर युनिट उभं करू नये असं माझं मत. युरोपात पीएफएएसवर (निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर) निर्बंधांचा प्रस्ताव 2023 पासून चालू आहे आणि त्यात फ्लोरोइलास्टोमर, म्हणजे व्हायटॉनसारखी रबरंही येतात, निर्यातीचा विचार असेल तर हे धरा. माझ्या मते ईपीडीएम-सिलिकॉनच्या मेंटेनन्स स्पेअरपासून सुरुवात बरी. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांची ओव्हरहॉलिंगची खरेदी निघते. पैसे रखडतात, तेवढं व्याज भावात आधीच धरा.