गरोदरपणात वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू राहिलं तर बाळाच्या चेहऱ्यावर परिणाम होतो का?

होतो. तुमच्या बहिणीच्या हृदयात धातूची झडप आहे आणि दुसरा महिना लागलाय हे वाचलं, म्हणून लिहायला बसले.

माझीही मायट्रल झडप बदललेली. रोज 7 मिलिग्रॅम वॉरफॅरिन. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करायला पाच वर्षं दर महिन्याला जात होते, लग्न झाल्याचंही तिथे माहीत होतं. दिवस राहण्याआधी येऊन भेटा, एवढं एकही डॉक्टर बोलला नाही. माझी पाळी कायमच मागेपुढे, त्यामुळे कळलं तेव्हा नववा आठवडा संपत आला होता. आणि साधारण 6 ते 12 आठवडे हाच घातक काळ. गोळी वारेतून बाळापर्यंत जाते आणि के जीवनसत्त्वावर चालणारी प्रथिनं अडवते. मग कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात, नको तिथे कॅल्शियम साठतं, नाक वाढायचं थांबतं.

मुलगी झाली ती अगदी बसक्या नाकाची. एक्स-रेत टाचेच्या हाडांत कॅल्शियमचे टिपके दिसले. नाकपुड्या इतक्या अरुंद की अंगावर पिताना तिला धाप लागायची. तान्हं बाळ नाकानेच श्वास घेतं हो! आणि आमच्या आत्येसासूबाईंनी मालिशवालीला सांगितलं, रोज तेल लावून नाक चिमटीत धरून ओढ, सरळ होईल. तिसऱ्या दिवशी पोरीचे ओठ निळे पडले. मी बाईचा हात धरला, तर "ग्रहणात भाजी चिरलीस, आता वर तोंड करून बोलतेस" हे आत्येसासूबाईंनी मला भर बारशात ऐकवलं. चिमटीने कूर्चा वाढत नाही. वाढली असती तर मीच दिवसभर बसले असते.

बहिणीला आजच्या आज हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही डॉक्टरांकडे न्या. गोळीऐवजी देतात ते रक्त पातळ ठेवणारं हेपरिनचं इंजेक्शन वार ओलांडत नाही, पण रक्त तपासून डोस सतत बदलावा लागतो. गोळी मात्र तिने मनाने बंद करायची नाही, झडपेत गुठळी झाली तर जिवावर बेतेल. प्रत्येक बाळाला असं होतंच असंही नाही. गोळीचा डोस रोज 5 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर धोका कमी, म्हणून काही डॉक्टर विचारपूर्वक गोळीच चालू ठेवतात.

मुलीचे हाडांतले टिपके पुढे आपोआप गेले, नाक तसंच आहे. आणि त्या नऊ महिन्यांत आमच्या गावात एकही ग्रहण दिसलं नव्हतं. पंचांग काढून पाहिलंय मी.