ग्रॅनोला मिळेल, बायॉप्सीचा रिपोर्ट मात्र हातातल्या बॅगेत घ्या

काल रात्री तुमचा प्रश्न वाचला. ऑगस्टमध्ये नाशिकहून कॅनडात ब्रॅम्प्टनला निघताय, सात वर्षांच्या लेकीला आठ महिन्यांपूर्वी सिलिअ‍ॅक निघालंय (गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार), तिला सकाळी ग्रॅनोलाच (ओट्स-बियांचा भाजलेला कुरकुरीत नाश्ता) लागतो, तर तिकडे चांगला ग्लुटेन-फ्री ग्रॅनोला मिळतो का, की इथूनच पाकिटं भरून न्यायची? मिळतो, पाकिटं भरू नका, एवढं लिहून मला थांबता आलं असतं. पण २०१६ साली आम्हीही गंगापूर रोडवरचं घर बंद करून असेच निघालो होतो, सहा वर्षांच्या सिलिअ‍ॅक मुलाला घेऊन, आणि काल रात्री मला झोप लागली नाही. पीआर (कायम राहण्याचा परवाना), बँक, हेल्थ कार्ड हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते मी सोडते.

आधी ग्रॅनोला. ओट्सची खरी अडचण ही की शेतात, ट्रकमध्ये, गिरणीत ते गहू आणि बार्लीत मिसळतात. म्हणून साधा ओट्सचा ग्रॅनोला आपल्या मुलांना चालत नाही, पाकिटावर ‘व्हीट-फ्री’ लिहिलं असलं तरी नाही, कारण बार्ली उरतेच. कॅनडात २०१५ पासून खास वेगळ्या ठेवलेल्या ओट्सना ग्लुटेन-फ्री म्हणायला परवानगी आहे. ग्लुटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचीही तीच. त्यातही दोन प्रकार आहेत. काही ओट्स बियाण्यापासून पॅकिंगपर्यंत वेगळे ठेवतात, त्यांना इथे ‘प्युरिटी प्रोटोकॉल’ म्हणतात. बाकीचे म्हणजे नेहमीचेच ओट्स, मशीनने निवडून काढलेले. बार्लीचा दाणा दिसायला ओट्सच्या जवळचा, एखादा मशीनमधून निसटतो, आणि पूर्ण पोत्याची सरासरी चांगली आली तरी तो दाणा कोणाच्या तरी वाटीत पडतोच. मी पहिल्याच प्रकारचे घेते. कंपनीला ईमेल करून विचारते, उत्तर आलं नाही तर तो ग्रॅनोला पुन्हा घेत नाही.

तुमच्या लेकीचं निदान नवीन आहे, म्हणून आणखी एक. तिचं टीटीजी (या आजाराच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येऊन पोट स्थिरावल्यावरच ओट्स सुरू करा, तेही डॉक्टरांना विचारून. इथली सिलिअ‍ॅक संघटना मुलांसाठी दिवसाला २० ते २५ ग्रॅम सांगते, म्हणजे पाव कप. काही थोड्या जणांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत. घटकांच्या यादीत बार्ली माल्ट शोधायची सवय लावा. ग्रॅनोलात कुरमुऱ्यासारखा क्रिस्प राइस असतो ना, त्यात चवीला आणि रंगाला तो पुष्कळदा घातलेला असतो. आणि सुट्या धान्याच्या दुकानातल्या पिंपांकडे जाऊच नका. एकाच डावाने लोक मुसली पण काढतात आणि ग्रॅनोला पण. गिरणीत आपण हेच भोगलंय. नाशिकला आमची ज्वारी गव्हानंतर त्याच जात्यावर दळली जायची, आणि पोरगं पोळीला हातही लावत नसताना टीटीजी का उतरत नाही म्हणून आम्ही वर्षभर हैराण. घरघंटी आणली तेव्हा आकडा हलला. (हिंगाचंही तसंच. डबीवर बघा, बहुतेकात गव्हाचं पीठ असतं.)

विकतचा ग्लुटेन-फ्री ग्रॅनोला महाग, गोड मिट्ट, आणि पाकिटाच्या तळाशी निम्मा भुगा. शेवटी मी घरीच करायला लागले. शुद्ध ओट्स तीन वाट्या, भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया एक वाटी, तीळ, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. अर्धी वाटी गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून त्यात पाव वाटी तूप आणि चिमूटभर मीठ, हे गरम गरम त्यावर ओतायचं. ओव्हन १५० सेल्सिअसला, साधारण पस्तीस मिनिटं, मध्ये एकदाच परतायचं. बाहेर काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, तरच खडे धरतात. राजगिऱ्याच्या लाह्या आणि बेदाणे सगळ्यात शेवटी. बेदाणे आधी घातले की जळून कडू होतात. ओट्स सोसत नसतील तर नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या घ्या. नाशिकहून काही आणायचंच असेल तर तयार ग्रॅनोला आणू नका, बेदाणे आणा. पिंपळगावकडचे हिरवट लांबट बेदाणे मला इथे अजून मिळालेले नाहीत.

बदाम का नाहीत, असं वाटलं असेल. इथल्या पुष्कळ शाळांत नट-फ्री नियम असतो. बदाम, काजू नाहीत, शेंगदाणे तर नाहीतच. आपलं अर्धं स्वयंपाकघर दाण्याच्या कुटावर चालतं, त्यामुळे पहिला महिना डब्यात काय द्यायचं हेच मला सुचेना. घरचा ग्रॅनोला बदामाचा आणि शाळेचा बियांचा, असे दोन वेगळे डबे ठेवा. डाव सुद्धा वेगळा.

शाळेचं आता लिहितेच, कारण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. ऑन्टारिओत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथे, जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठी २००६ पासून कायदा लागू आहे, शाळेला प्रत्येक मुलाचा वेगळा प्लॅन करावा लागतो. चांगला कायदा आहे. पण सिलिअ‍ॅकमध्ये मूल जागच्या जागी कोसळत नाही, इपिपेन (तातडीचं इंजेक्शन) लागत नाही, म्हणून शाळेच्या ऑफिसात मला त्या प्लॅनचा फॉर्म परत दिला गेला. या रकान्यात तुमचं बसत नाही, तिथल्या बाई म्हणाल्या. मग काय भरू, तर त्याला उत्तर नाही. त्याच महिन्यात वर्गात मैद्याच्या कणकेचे प्राणी केले, मॅकरोनीच्या माळा ओवल्या. घरी आला तो नखांत पीठ घेऊन.

आणि शुक्रवारचा पिझ्झा. पालक आधी पैसे भरतात, सगळ्या वर्गाला पिझ्झा येतो. त्या दिवशी आमच्या मुलाला दाराजवळच्या वेगळ्या बाकावर बसवत. त्याच्याच काळजीपोटी, असं त्यांचं म्हणणं. मला हे कळलं जूनमध्ये, वर्ष संपताना, तेही त्याच्या चित्राच्या वहीतून. एक लांब टेबल, पुष्कळ डोकी, आणि कोपऱ्यात दाराशी एकटा मुलगा, पुढ्यात गोल डबा. डब्यात काढलेले ठिपके म्हणजे माझा ग्रॅनोला. ती वही माझ्याकडे आहे. तुम्ही पहिल्याच आठवड्यात बाईंना तोंडावर विचारा, पिझ्झाच्या दिवशी ती कुठे बसणार? ग्लुटेन-फ्री बेसचा तुकडा घरून देता येतो. मी दुसऱ्या वर्षी तेच केलं.

शाळेला काही मागायचं तर डॉक्टरांचं पत्र हवं. करात सवलत घ्यायलाही तेच पत्र लागतं. ग्लुटेन-फ्री पाकीट साध्यापेक्षा जेवढं महाग, तेवढाच फरक वैद्यकीय खर्चात धरतात, आणि तोही फक्त आजारी माणसाच्या वाट्याचा. पावत्यांचे फोटो काढून ठेवा, त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते.

आणि या पत्रापाशीच माझ्या हातून जे झालं ते झालं. मुलाचं निदान नाशिकला चौथ्या वर्षी झालं होतं, एंडोस्कोपी, बायॉप्सी, सगळं रीतसर. निघताना सामानाच्या गडबडीत ती फाइल सासरीच राहिली. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, पुरावा द्या. नाशिकच्या लॅबला फोन केले, त्यांच्याकडे जुनं रेकॉर्ड सापडेना. दोन वर्षं गहू बंद होता, त्यामुळे रक्ततपासणी नॉर्मल आली. गहू बंद असला की ती खोटी नॉर्मल येऊ शकते. मग एकच उपाय सांगितला, सहा आठवडे रोज दोन स्लाइस ब्रेडइतका गहू खायला घाला आणि पुन्हा तपासा.

मी घातला. ब्रेड नको म्हणून पोळ्या केल्या, पहिल्या दिवशी तूप-साखरेची गुंडाळी करून दिली. तो माझ्याकडे बघतच राहिला. “आई, मी बरा झालो?” मी नीटसं काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन दप्तर न काढताच विचारलं, “आज पण पोळी?” तिसऱ्या आठवड्यात पोट फुगलं, रात्री रडायला लागला, तरी सकाळी पोळी मागायचा. चौथ्या आठवड्यात दिरांचा फोन आला, फाइल सापडली, कपाटात साड्यांच्या खाली होती. त्यांनी फोटो पाठवले. मार्श ३बी (आतड्याला किती इजा झाली ते सांगणारी बायॉप्सीची श्रेणी), तारीख, सही, शिक्का, सगळं स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत पत्र लिहून दिलं. त्या संध्याकाळी पोळी पुन्हा बंद. आता तो पंधरा वर्षांचा आहे. त्याला ते आठवडे आठवतात का, हे मी कधी विचारलेलं नाही.

एकटेपणाचंही तुम्ही शेवटी विचारलंय. असतो. पहिला हिवाळा जड जातो, दुसऱ्याला सवय होते. मराठी मंडळात जा, मात्र लेकीचा डबा घरूनच न्या आणि “थोडंसं खाल्लं तर काय होतंय” म्हणणाऱ्या मावशींना हसून नाही म्हणा.

कागद कोणते, तर टीटीजीचे सगळे रिपोर्ट तारखांसकट, एंडोस्कोपीचा रिपोर्ट, बायॉप्सीचा रिपोर्ट, आणि आत्ताच्या डॉक्टरांचं इंग्रजीतलं निदानाचं पत्र, त्यावर नोंदणी क्रमांक हवा. बायॉप्सीच्या स्लाइड्स मिळतात का तेही लॅबला विचारा. मूळ प्रती हातातल्या बॅगेत, एक संच आईकडे, फोटो दोघांच्या फोनमध्ये. आणि ती फाइल घरात नेमकी कुठे आहे, ते आज संध्याकाळीच उठून बघा.